लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून सुटत नाही. पुलरही लागत नाही

ऐरोलीकर:

नमस्कार. माझी २०१३ सालची छोटी हॅचबॅक गाडी ऐरोलीत खाडीच्या बाजूला असलेल्या आमच्या सोसायटीत गेली अनेक वर्षे उघड्यावर उभी असते. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या पुढच्या चाकातून, विशेषतः गतिरोधकावरून हळू उतरताना, ‘खट’ असा एकच आवाज येऊ लागला. चाक उचलून वर-खाली हलवून पाहिले असता लोअर आर्मच्या (चाकाकडचा भाग बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या भुजेच्या) बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे तिच्या टोकाच्या गोल फिरणाऱ्या सांध्यात, स्पष्ट ढिलेपणा जाणवला. हा जॉइंट आर्मला कायमचा जोडलेला असल्यामुळे मी पूर्ण आर्म नवा आणला आहे.

अडचण सोडवणुकीची आहे. नकलच्या (चाकाचा मधला फिरणारा भाग, म्हणजे हब, ज्यावर बसतो त्या ओतीव भागाच्या) खालच्या टोकाला आडवा असलेला बोल्ट सुरुवातीला अर्ध्यावर येऊन अडला होता; रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू दिल्यावर तो सकाळी पूर्ण बाहेर आला. त्यानंतर मात्र आर्मवर पहार घालून अर्धा तास जोर लावूनही जॉइंटचा दांडा नकलमधून केसभरही सरकलेला नाही. रबाळ्याच्या एका गॅरेजमधून उसना आणलेला पुलर (सांधा सोडवण्याचे स्क्रूचे अवजार) बसवून पाहिला, परंतु त्याच्या स्क्रूला टेकण्यासाठी जागाच मिळत नाही, आणि त्या खटपटीत जॉइंटचे रबरी बूट तेवढे फाटले. शेजारच्या गृहस्थांनी गॅसच्या ज्योतीने नकल तापवण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का, की यापेक्षा चांगला मार्ग आहे?

कळवा नाका:

गॅसच्या वाटेला मुळीच जाऊ नये. जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि तो नकलच्या तितक्याच निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो, म्हणून नट काढल्यावरही तो आपणहून सुटत नाही. नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे ठेवावा, म्हणजे आर्म अचानक सुटून पायावर आदळत नाही. मग नकलच्या ज्या भागात दांडा बसतो, त्या भागावर समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन जड हातोड्या माराव्यात. त्या क्षणी भोक किंचित लंबगोल होते आणि दांड्याची पकड सुटते. दांड्याच्या टोकावर मात्र कधीही मारू नये, कारण आटे दबले की नट पुन्हा बसत नाही. मी घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे आजवर तीन वेळा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा नकलला जोडणारे सांधे) बदलले आहेत आणि प्रत्येक वेळी चार-पाच ठोक्यांत काम झाले आहे.

निवृत्त फिटर, तुर्भे:

वरच्या प्रतिसादातील माहिती तिच्या जागी अचूक आहे, परंतु ती या गाडीला लागू पडत नाही. प्रश्नकर्त्यांनी ‘आडवा बोल्ट’ असा उल्लेख केला आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. टाय रॉड एंडवर उभा नट आणि त्यातून जाणारी स्प्लिट पिन असते, तो निमुळता प्रकार. ज्या नकलला खाली उभी चीर असते आणि त्या चिरेच्या दोन्ही कानांना आवळणारा आडवा बोल्ट असतो, तिथे दांडा निमुळता नसून सरळ असतो. त्या दांड्याच्या बाजूला अर्धगोल खोबण असते आणि आडवा बोल्ट त्या खोबणीतून जातो. म्हणूनच तो केवळ ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. तेवढे आपण केलेच आहे. येथे पुलर लागत नाही आणि बाजूने मारलेल्या हातोड्यांचाही उपयोग होत नाही. उलट चुकून कानांवर ठोका बसला तर चीर आणखी मिटते आणि पकड वाढते.

दांडा का अडकला, तेही पाहू. गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो तयार होतो त्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे दांडा आणि भोक यांच्यामधल्या बारीक फटीत खाडीकाठची खारी दमट हवा आणि पावसाळ्यातले पाणी वर्षानुवर्षे शिरले की तो गंज आतून फुगून दांड्याला आवळतो. म्हणजे येथे जोर लावायचा तो दांडा ओढण्यासाठी नव्हे, तर चीर किंचित उघडण्यासाठी.

त्यासाठी प्रथम चिरेतला गंज जुन्या करवतीच्या पात्याने खरवडून काढावा आणि गंज सोडवणारे तेल वरच्या बाजूने, तसेच चिरेतून, पुन्हा सोडावे. नंतर बोल्टचे आटे कोठे आहेत ते पाहावे. आटे नकलच्या एका कानातच कापलेले असतील आणि पलीकडे सुटा नट नसेल, तर एक सोपी युक्ती चालते. चिरेत २ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी ठेवावी आणि तोच बोल्ट उलट बाजूने, म्हणजे आटे असलेल्या कानातून, आत फिरवावा. त्याचे टोक पट्टीला टेकले की पट्टी समोरच्या कानावर दाबली जाते आणि दोन्ही कान सावकाश दूर होतात. पलीकडे सुटा नट असेल तर ही युक्ती चालत नाही. मग चिरेत रुंद छिन्नी पाचरीसारखी धरून हलक्या हातोडीने ठोकावी. दोन्ही प्रकारांत चीर जेमतेम अर्धा मिलिमीटर उघडली तरी पुरते. त्याहून अधिक ताणल्यास ओतीव नकलला कानाच्या मुळाशी तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली नकल बदलण्यावाचून दुसरा इलाज नसतो.

तापवण्याबद्दल आपण विचारले आहे. जॉइंटच्या अगदी जवळ हबचे बेअरिंग, त्यातले ग्रीस, ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट आणि असल्यास एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) तार असते. शिवाय ज्या ठिकाणी आपण रात्रभर ज्वलनशील तेल मुरवले, तिथेच ज्योत धरणे आणि तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इतर गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्यांशेजारी, हे मला तरी पटत नाही.

आणखी एक गोष्ट. स्टॅबिलायझर बारची (दोन्ही पुढच्या चाकांना जोडून गाडीचे कलणे कमी करणाऱ्या सळईची) लिंक लोअर आर्मला जोडलेली असेल आणि आपण एकच चाक उचलले असेल, तर तो पिळलेला बार आर्मला सतत वर ओढत राहतो. म्हणजे आपण पहारीने जेवढे खाली दाबता, त्यातला काही भाग त्याच्याशी झुंजण्यातच जातो. लिंक सोडवावी किंवा दोन्ही पुढची चाके उचलून गाडी जॅक स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, आणि पेव्हर ब्लॉकवर स्टँड ठेवताना खाली जाड प्लायवूड घ्यावे, नाहीतर स्टँडचा पाय ब्लॉकच्या सांध्यात रुततो. पार्किंगमध्ये दुरुस्ती करण्यास आपल्या सोसायटीची परवानगी आहे का, हा प्रश्न मी विचारत नाही.

कळवा नाका:

बरोबर आहे, मी टाय रॉड एंडच्या अनुभवावरून लिहून मोकळा झालो. माझी चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार.

ऐरोलीकर:

काल रविवारी सकाळी काम झाले. माझ्या नकलमध्ये आटे मागच्या कानातच आहेत, त्यामुळे बोल्ट उलट्या बाजूने फिरवता आला. पट्टी म्हणून जुन्या बिजागरीचा तुकडा वापरला. बोल्ट टेकल्यानंतर जेमतेम पाव फेरा झाला असेल, तोच चिरेतून तांबूस भुकटी गळू लागली. मग आर्मभोवती साखळी गुंडाळून त्यात लांब पाइप अडकवला आणि मुलाला त्यावर उभे केले, तेव्हा ‘टक्’ असा कोरडा आवाज होऊन दांडा खाली आला. दांड्यावरच्या खोबणीत बोल्टने घासून केलेली चकचकीत खूण दिसली. बाकी सगळा तपकिरी. नवा आर्म बसवताना काय सांभाळावे?

निवृत्त फिटर, तुर्भे:

पट्टी काढण्यास विसरू नये, हे प्रथम. भोक आतून बारीक पॉलिश पेपरने साफ करावे आणि दांड्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत करावी लागणार नाही. दांडा पूर्ण वर गेल्यावरच खोबण बोल्टच्या भोकासमोर येते. बोल्ट बोटांनी सहज आरपार गेला पाहिजे. तो पान्याने रेटावा लागत असेल तर दांडा अजून खाली आहे असे समजावे आणि आर्म जॅकने किंचित वर उचलावा. ताणलेला जुना बोल्ट पुन्हा वापरू नये; नवा बोल्ट आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप), यांत काटकसर नको. नकल सुटी असताना हब बाहेरच्या बाजूला लोंबू दिलेले नसेलच; तसे झाले असल्यास ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट सरकला नाही ना आणि ब्रेकच्या होजवर भार आला नाही ना, हे पाहून घ्यावे.

आर्मचे बॉडीकडचे बोल्ट आत्ता फक्त हाताने बसवावेत आणि गाडी चाकांवर उतरवून तिचे वजन आल्यानंतरच शेवटचे आवळावेत. चाक लोंबत असताना ते आवळले तर त्या बोल्टभोवतीचे रबरी बुश त्याच स्थितीत अडकतात, गाडी खाली येताच पिळले जातात आणि काही महिन्यांत फाटतात. मग आवाज पुन्हा येतो आणि लोक नव्या बॉल जॉइंटला दोष देतात. चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे आणि साधारण १०० किलोमीटरनंतर आडव्या बोल्टचा टॉर्क पुन्हा एकदा पाहावा.