ठणका, ठसठस, कळ, सणक, आंबणे: दाढदुखीचे शब्द कुठे कुठला वापरायचा?

धागाकर्ती, नेरूळ

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. नव्या पेशंटसाठी मराठी फॉर्म तयार करायचाय. सध्याच्या फॉर्मवर ० ते १० ची पट्टी आहे. ० म्हणजे दुखत नाही, १० म्हणजे याहून जास्त दुखूच शकणार नाही. लोक आठावर गोल करतात आणि खरं काय ते डॉक्टरांसमोर बसल्यावर सांगतात: "आडवं झालं की ठणका लागतो", "गार पाणी लागलं की डोक्यात कळ जाते". आठाच्या आकड्यात यातलं काहीच येत नाही.

म्हणून पट्टीसोबत शब्दही द्यायचे आहेत. मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांची १९७५ ची वेदना प्रश्नावली समोर आहे. त्यात ७८ शब्द २० गटांत आहेत आणि प्रत्येक गटात सौम्याकडून तीव्राकडे लावलेत. ठोक्यासारख्या दुखण्याच्या एकट्या गटातच सहा पायऱ्या! मराठीत तसं लावायचं तर आधी ठसठसणे की ठणकणे? आणि 'आंबणे' घ्यावं का?

नौपाडा, ठाणे

ताई, या दोघांची उतरंड लावू नका. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. ठसठसतं ते पिकलेलं. गळू ठसठसतं, नखुरडं ठसठसतं. पू धरून जागा तटतटली की ठसठस सुरू. ती एका जागी असते, बोट ठेवून दाखवता येते. ठणका खोल, हाडात घुमणारा. दाढ ठणकते तसा कानही ठणकतो, आणि रात्री दोनला या दोघांतलं नक्की काय ठणकतंय हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

कळ येते आणि जाते. 'कळ मारली', 'कळ गेली' म्हणतो आपण, आणि ती सरेपर्यंत थांबायचं म्हणून 'जरा कळ काढ'. सणक त्याहून झटपट. तीव्रता आपण शेजारच्या शब्दावर टाकतो: 'जरासं ठणकतंय', 'जीव नकोसा करणारा ठणका', 'मरणाची कळ'. त्यामुळे तुमची पट्टी काढून टाकू नका. किती ते पट्टी सांगेल, कसं ते शब्द सांगतील.

कळवा

मी दंतवैद्य आहे. बोट ठेवून दाखवता येण्याचा मुद्दा वाचून फार बरं वाटलं, कारण निदान तिथेच फिरतं. दाताच्या आतल्या गाभ्याला (पेशंट त्याला 'नस' म्हणतात) सूज आली की दुखणं नेमकं कुठलं ते कळत नाही. खालची दाढ किडलेली असते आणि माणूस वरची दाखवतो. संसर्ग मुळाच्या टोकाबाहेर गेला की मुळाभोवतीचे तंतू जागा बरोबर सांगतात. मग दातावर आरशाच्या दांड्याने हलकं ठोकलं तरी माणूस दचकतो. तेव्हा ठसठस.

कळ आणि ठणका यांचंही तसंच. गाभ्यात वेगवान आणि संथ असे दोन प्रकारचे मज्जातंतू असतात. पहिल्यांची कळ, दुसऱ्यांचा ठणका. गार लागून कळ आली आणि गार काढल्यावर काही सेकंदांत गेली, तर नस वाचण्याची आशा असते. मागे ठणका रेंगाळला, किंवा काही न लागता रात्री आपोआप सुरू झाला, तर बहुधा रूट कॅनाल. म्हणून फॉर्मवर "कळ लगेच जाते की मागे ठणकत राहतं?" हा प्रश्न नक्की घाला.

सणक वेगळ्या ओळीत हवी. चेहऱ्याच्या पाचव्या मज्जातंतूच्या दुखण्यात एकाच बाजूला, विजेचा झटका बसावा तशी सणक येते. तोंड धुताना, दात घासताना, नुसता वारा लागला तरी. काही सेकंदांत ओसरते, पण पुन्हा पुन्हा येते. अशा लोकांचे चांगले दात उपटले जातात, हे थांबायला हवं.

आंबणे घ्याच, पण कर्ता छापून. कैरी खाऊन दात आंबतात. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असेल, तर रात्री दात आवळले जातात का ते बघावं लागतं.

कोपरखैरणे

न दुखण्याचेही शब्द घ्या. अक्कलदाढ काढल्यावर माझा खालचा ओठ बरेच दिवस 'जड' होता. डॉक्टरांनी विचारलं, बधिर की मुंग्या? तोवर मला दोन्ही एकच वाटायचं. बधिर म्हणजे स्पर्श कळतच नाही. मुंग्या म्हणजे कोणी हात न लावता काहीतरी जाणवतं. मग डोळे मिटायला सांगून कापसाचा धागा ओठावरून फिरवला. नंतर दोन टोकं टेकवून "एक की दोन?" विचारत अंतर कमी करत गेले. जिभेच्या शेंड्यावर एक-दोन मिलिमीटरवरचीही दोन टोकं वेगळी कळली. ओठाच्या त्या बाजूला मात्र एकच.

नौपाडा, ठाणे

'हुळहुळणे' राहिलं. चहाने जीभ भाजली की दोन दिवस साधा भातही सहन होत नाही, ते हुळहुळणं. एरवी न दुखणारा स्पर्श दुखतो, हे एका शब्दात येतं.

धागाकर्ती, नेरूळ

घेतलं. चुरचुरणे आणि झोंबणे 'तोंड आलंय' या ओळीखाली टाकतेय. जबड्यासाठी 'दातखीळ' चालेल का?

कळवा

नको. दातखीळ म्हटलं की घरच्यांना धनुर्वात आठवतो आणि धावपळ होते. "तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का?" असं विचारा, मोठ्या माणसाचं तोंड साधारण तेवढं उघडतं, म्हणजे ४० मिलिमीटरच्या आसपास. आणि झोंबणं फक्त तोंड येण्याखाली ठेवू नका. तिखट झोंबतं आणि बोटंही दोनच जातात, असं एकाच माणसाने लिहिलं, तर त्याला सुपारी-गुटख्याबद्दल विचारून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.