पाहुण्या वक्त्याचं एखादं व्याख्यान लक्षात राहिलंय का?

धागाकर्ता:
माळा आवरताना कॉलेजातली एक वही सापडली, १९९३ची. पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजांतही व्याख्यानं ठेवायचं, जयकर व्याख्यानमाला. एका दिवशी विषय होता 'शिक्षण, नीती आणि सार्वजनिक जीवन'. असल्या विषयाला दाराजवळची जागा धरायची असते, तशी आम्ही धरली.

पण गृहस्थ नीतीवर बोललेच नाहीत, पगारावर बोलले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. आजीव सभासदांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं. गोखल्यांना महिना ७५ रुपये. मग वाद पेटला, बाहेरची कामं करून वर कमवावं का? टिळक म्हणत, आजीव म्हणजे सगळा वेळ संस्थेचा. आगरकरांना ते पटेना. १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. वक्ते म्हणाले, "यात लबाड कोणीच नव्हता, म्हणून भांडण अवघड."

मग पाणी प्यायले आणि सहज विचारलं, "इथे सरांच्या खासगी क्लासला किती जण जातात?" पहिल्या रांगेत आमचे अकाउंटचे सर बसलेले. एकही हात वर गेला नाही. क्लासला जाणारे आम्ही चाळीस होतो.

तुम्हीही लिहा. वक्त्याचं नाव नको, काय घडलं ते सांगा.

कारकूनबाई:
मी एका कॉलेजच्या ऑफिसात होते. पाहुणे एसटीने आले. आमच्याकडे व्हाउचर आधीच तयार असायचं, जीपभाडं लावून. त्यांनी चष्मा चढवला, जीपभाडं खोडलं, एसटीचं तिकीट टाचणीने जोडलं आणि खोडलेल्या जागी सही केली. मला तेव्हा रागच आला. जीपभाड्यातून आम्ही चहा-नाश्ता भागवायचो, त्यासाठी खर्चाचा वेगळा हेडच नव्हता. त्या दिवसाचे वडे शेवटी मी आणि शिपाईमामांनी निम्मे निम्मे भरले. माणूस चोख होता, वाद नाही. पण त्याच्या चोखपणाचं बिल आमच्याकडे आलं.

मागचा बाक:
आमच्याकडे 'मूल्यशिक्षण' या विषयावर व्याख्यान होतं, हजेरी सक्तीची. कागद फिरला. हॉलमध्ये साठ मुलं, कागदावर एकशे दहा सह्या. त्यातल्या चार माझ्या.

प्राध्यापक, नाव नको:
मीही कबूल करतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची होती आणि फाइलमध्ये दोन कार्यक्रम कमी पडत होते. पाहुण्यांचं बोलणं झालं, फोटो झाले. मग मागचा बॅनर बदलला, पाहुण्यांना जाकीट काढायला लावलं आणि पुन्हा फोटो. पहिला बॅनर 'व्यावसायिक नीतिमत्ता'. त्यांनी जाकीट काढलं, हे मला जास्त लागलं. नाही म्हणाले असते तर मी सुटलो असतो.

बातमीदार:
माझा अनुभव वेगळा. एम.ए.ला असताना एका पाहुण्यांनी गोखल्यांची १८९७ची माफी हा विषय घेतला. प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या सोजिरांनी पुण्यात बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी गोखल्यांना पत्रांतून कळल्या. ते तेव्हा विलायतेत होते, त्यांनी तिथे ते जाहीर सांगितलं. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

पाहुण्यांनी आम्हाला दोन बाजूंना बसवलं, माफी बरोबर आणि माफी चूक. मी 'चूक'कडे. लोक घाबरून बोलले नाहीत, म्हणून घडलंच नाही असं कसं, हा माझा मुद्दा. आजही मला तो बिनतोड वाटतो.

पुढे पेपरात लागलो. एका आश्रमशाळेतल्या जेवणाची बातमी मी दोन पालकांच्या तोंडी लिहिली. छापून आल्यावर दोघेही फिरले. खुलासा मलाच लिहायला सांगितला. चार ओळींना दुपार गेली. 'दिलगीर आहोत' लिहिताना आपण नेमके कशाबद्दल दिलगीर, हे ठरत नव्हतं. बातमी खोटी नव्हती. माझ्या हातात ती खरी ठरवणारं काही नव्हतं, एवढंच.

मागचा बाक:
धागाकर्ते, त्या अकाउंटच्या सरांचं पुढे काय झालं?

धागाकर्ता:
काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला क्लास नेहमीसारखा भरला. चाळीसच्या चाळीस हजर. मीसुद्धा. फी जूनमध्येच भरली होती.