मंडळीत मोठ्याने प्रार्थना, ऑफिसात मान चोरून. काय करू?

भुसावळकर:
जय ख्रिस्त सगळ्यांना. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितोच. मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण झाला, लोकांनी अर्पण म्हणून आणलेल्या वस्तूंचा दरवर्षीसारखा लिलाव होता, कोणी गहू आणलेला, कोणी भरताची वांगी, कोणी कोंबडी, आणि एका भावाने केळीचा घड आणला होता. बोली २०० पासून सुरू झाली. मला खरं तर तो घड नकोच होता पण समोरच्या रांगेतल्या एकाने एकदम १००० म्हटलं, सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले आणि माझा हात आपोआप वर गेला. मग तो, मग मी, असं करत करत ४२०० ला घड माझ्या नावावर सुटला. टाळ्या वाजल्या, पाळकसाहेबांनी माईकवर नाव घेतलं. बायको बायकांच्या बाजूला बसली होती, तिने टाळी वाजवली नाही. पोरीची फी त्याच आठवड्यात भरायची होती, ४००० रुपये. घरी आल्यावर ती एक शब्द बोलली नाही, घड मागच्या खोलीत दोरीला टांगला आणि रोज दोन दोन केळी पोरांच्या डब्यात देत राहिली. शेवटची फणी काळी पडेपर्यंत मी येता जाता तो घड बघत होतो.

तेव्हापासून एकेक लक्षात यायला लागलंय. मंडळीत प्रार्थना करायला उभा राहिलो की मी शब्द निवडतो, आवाज कुठे हळू करायचा ते पण मला माहीत असतं, आणि घरी एकटा असलो की पाच मिनिटं गुडघ्यावर टिकत नाही. आणि ऑफिसात बरोबर उलटं. डबा उघडला की डोळे मिटून आभार मानायचे हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, पण तिथे मी मोबाईल बघतोय असं दाखवून मान खाली घालतो, ओठ पण हलू देत नाही. माणूस तोच, रविवारी दाखवतो आणि सोमवारी लपवतो. बायबलमधल्या गलतीकरांस पत्र १:१० मध्ये प्रेषित पौल म्हणतो की मी अजून माणसांनाच खूष करत राहिलो असतो तर ख्रिस्ताचा दास झालो नसतो. ते वाचून झोप उडाली. लोकांना काय वाटेल हे डोक्यातून काढायचं कसं, कोणाला जमलंय का?

रावेरचा केळीवाला:
भाऊ, घडाचं वाचून गलबलून आलं, आमचं सगळं आयुष्य त्याच घडावर आहे. मत्तयाचा ६ वा अध्याय काढा. दान, प्रार्थना, उपास, तिन्हींबद्दल प्रभू एकच बोलतो, लोकांना दिसावं म्हणून जे करतात त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलंय. आम्हाला एका बायबल क्लासमध्ये सांगितलं होतं की तिथे जो मूळ ग्रीक शब्द आहे तो त्या काळी पैसे पूर्ण मिळाल्याच्या पावतीवर लिहायचे. मला ते लगेच पटलं कारण आमच्याकडे माल कापला, गाडी भरली, वजन झालं, व्यापाऱ्याने पैसे दिले आणि पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, हातात आली की त्या मालाचा विषय संपला, त्याच केळीचे पैसे परत दुसऱ्याकडे मागता येत नाहीत. टाळ्या वाजल्या तेव्हाच तुमची पट्टी झाली. ४२०० चा माल टाळ्यांवर विकला गेला भाऊ, हे मला फार लागलं कारण मी पण असे सौदे केलेत.

अजून एक. तिथे प्रभू सांगतो की आतल्या खोलीत जा, दार लावून घे. तो जो खोलीचा शब्द आहे त्याचा अर्थ कोठीची खोली असाही होतो, धान्यसामान ठेवायची, जिथे पाहुणा कधी येत नाही. तुमचा घड टांगला होता ना, तसलीच खोली. तिथे बसा. पहिले आठ दिवस काही सुचणार नाही, तरी बसा.

साक्रीची लेक:
दादा, मी डब्याबद्दल लिहिते कारण मी पण नर्सिंगला असताना मेसमध्ये हेच करायचे. योहान १२:४२ आणि ४३ बघा, अधिकाऱ्यांपैकी पुष्कळ जणांनी येशूवर विश्वास ठेवला होता पण सभास्थानातून काढतील म्हणून ते कबूल करत नव्हते. आणि पेत्र तर चक्क प्रेषित. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांबरोबर एका पंगतीला जेवत होता, यरुशलेमकडची यहुदी माणसं आली तसा हळूहळू मागे सरला, त्याला बघून बर्णबा पण सरला, आणि पौलाला सगळ्यांसमोर त्याला बोलावं लागलं. तुम्ही जे वचन लिहिलंय त्याच्या पुढच्याच अध्यायात आहे हे. तिथेही ताटाचाच प्रश्न होता. म्हणून स्वतःला एवढं खाऊ नका, एवढा मोठा पेत्र घसरला आणि देवाने त्याला सोडलं नाही.

माझी आई स्वयंपाकाआधी रोज बाजरीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. डबा भरला की अंधार पडल्यावर मला गल्लीतल्या एका विधवा मावशीकडे पाठवायची, मागच्या दाराने. मी एकदा विचारलं की पुढच्या दाराने का नाही, तर म्हणाली, "देव देखी राहिना ना, मंग झायं." म्हणजे देव बघतोय ना, मग झालं. आईला अक्षर वाचता येत नव्हतं.

खजिनदार काका:
मी १२ वर्षं मंडळीचे हिशेब लिहितोय, जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. "मी फक्त देवाला जबाबदार" हे वाक्य मी अशा माणसांच्या तोंडून पण ऐकलंय ज्यांना पावतीबुक दाखवायचं नव्हतं. २ करिंथ ८:२१ मध्ये पौल वर्गणीच्या पैशांबद्दल लिहितो की आम्ही फक्त प्रभूसमोर नाही तर माणसांसमोरही जे चांगलं त्याची काळजी घेतो. तो पैसे एकट्याने नेत नाही, सोबत माणसं घेतो. आणि रोम १५:२ मध्ये शेजाऱ्याला त्याच्या भल्यासाठी खूष करा असं पण तोच पौल सांगतो. तेव्हा लोकांचं बिलकुल ऐकायचं नाही असा अर्थ काढू नका. बायको गप्प राहिली त्यातून कदाचित देवच तुमच्याशी बोलत होता. आधी तिच्याशी बोला. अर्पणाचं म्हणाल तर नाव न लिहिता पाकिटात टाका, एकूण रक्कम आम्ही वहीत लिहितोच.

अमळनेरचे गुरुजी:
काकांचं बरोबर आहे. मला ह्या विषयावर कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळं गणगोत तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई पण कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली हे कमी जण सांगतात. म्हणजे आधी जातवाल्यांची मर्जी सुटली आणि बावीस वर्षांनी ज्यांच्यात मान होता त्या आपल्या माणसांच्या पगाराचा आधार पण सोडला. मला दुसरं जास्त अवघड वाटतं. आणि भाऊ, मत्तय ३:१७ एकदा शांतपणे वाचा. "हा माझा प्रिय पुत्र" असं बाप म्हणाला तेव्हा येशूने अजून एकही चमत्कार केला नव्हता, एक प्रवचन दिलं नव्हतं. ख्रिस्तात आपल्याला पण बापाने आधीच जवळ घेतलंय, मग मिळवायला धावायचं कशाला.

भुसावळकर:
सगळ्यांचे आभार. काका, काल रात्री बायकोशी बोललो. तिला म्हटलं तो घड मी देवासाठी घेतला नव्हता. ती म्हणाली मला माहीत होतं, मी वाट बघत होते तुम्हाला कधी कळतं. फीसाठी तिने भिशीचे पैसे दिले होते हे मला काल कळलं. मग आम्ही दोघं मागच्या खोलीत बसलो, गव्हाच्या कोठीजवळ, मला बोलताच येईना, निवडायला शब्दच नव्हते. दोरी अजून तिथेच लटकतेय.

आज डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मोबाईल खिशात ठेवला, डोळे मिटले, मोजून दहा सेकंद असतील. कान गरम झाले होते खरं सांगतो. डोळे उघडले तर समोरचे पाटील भाऊ घास हातात धरून थांबले होते, म्हणाले झालं का, बसू का जेवायला?