शाळेतली शिक्षा कुणाच्या वाट्याला? कोकणातले अनुभव लिहा

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींवर बंदी आणली. तरी वर्गाबाहेर उभं करणं चालूच आहे, आणि तिथे बहुतेक वेळा तीच ती मुलं दिसतात. तुम्ही काय पाहिलंत, कुठे काय बदललं, ते लिहा. शाळेचं आणि माणसांचं नाव नको.

हर्णै, काका : वहिनी सकाळी लिलावाला बंदरावर जाते. धाकट्याला भरवून, अंगणवाडीत सोडून मग पुतणी शाळा गाठते. पाच मिनिटं उशीर झाला की पहिला तास फाटकाबाहेर. पहिला तास गणिताचा! वर्षाअखेर शेरा आला, ‘गणितात लक्ष नाही.’ बाबांच्या गाडीतून येणाऱ्या मुलाला उशीर झाला तर फाटक उघडतं. त्याला ट्रॅफिक लागलेलं असतं म्हणे.

रत्नागिरी, माजी विद्यार्थी : आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी गड्यांची मुलं आमच्या वर्गात होती. कुणाचंही पेन हरवलं की पहिलं दप्तर त्यांचं उघडायचे.

रायगड, आई : ‘आठवडाभर याच्याशी कुणी बोलायचं नाही’ ही शिक्षा माझ्या मुलाने भोगली. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. त्याविरुद्ध राज्याने २०१६ साली कायदा केला, आणि वर्गात तेच?

वेंगुर्ले, शिक्षिका : सातवीतल्या एकाने दुसऱ्याची प्रयोगवही फाडली. पूर्वी दोन दिवस घरी पाठवलं असतं. आम्ही दोघांना आणि जवळच्या चार मुलांना गोल बसवलं. काय झालं, कुणाला लागलं, आता भरून कसं काढायचं, एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने फाडणारा म्हणाला, “हो माका रोज म्हणता, तुझ्या दप्तराक म्हावऱ्याचो वास येता.” हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्याने मधल्या सुट्टीत बसून आकृत्या पुन्हा काढून दिल्या. चिडवणाऱ्यालाही त्या चार मुलांसमोर उत्तर द्यावं लागलं.

धागाकर्ती : बाई, ज्याला त्रास झाला त्याला समोर बसायचंच नसेल तर?

वेंगुर्ले, शिक्षिका : मग बैठक नाही. त्याच्याशी वेगळं बोलतो, हवं तर आईला बोलावतो. माफ कर म्हणून त्याच्या मागे लागत नाही. आणि मोठ्या मुलाने लहानग्याला घाबरवलं असेल, तर आधी दोघांना लांब ठेवतो. याला वेळ लागतो. आमच्या वेळापत्रकात तो अजून कुठेच धरलेला नाही, शनिवारी शाळा सुटल्यावर थांबतो.