मदत हवी आहे: सेव्हिलमध्ये शाकाहारी आईला तापास खायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. येत्या फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त स्पेनमध्ये माद्रिदला असतो, म्हणून आम्ही तिघं तिकडे जातोय. त्यात सेव्हिलला तीन रात्री आहेत. तापाससाठी (छोट्या बशीतून मिळणारं तिथलं खाणं) कुठली जागा निवडावी, यावर गेला आठवडाभर अडकले आहे.

आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा अंडं खातात, पण गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. भाऊ म्हणतो, "ताई, तिथे छताला डुकराच्या मांड्या टांगलेल्या असतात, आईला शिसारी येईल. सरळ भारतीय हॉटेलात जाऊ." मला हे पटत नाही. लग्न झाल्यावर बाबा आईला रात्री सराफ्यात घेऊन जायचे. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात गाड्या लागायच्या. एका ठिकाणी भुट्ट्याचा कीस, थंडीत पुढच्या गाडीवर गराडू, मग कुठेतरी दूध. एका जागी पोट भरायचं नाही, हिंडत हिंडत खायचं. आई ते दिवस अजून रंगवून सांगते. तापासची रीतही हीच आहे, एवढीशी बशी घ्यायची आणि पुढच्या दुकानाकडे वळायचं. म्हणून तिला हे दाखवायचंच आहे.

वाचून तीन नावं काढली आहेत.

एल रिंकोन्सियो: १६७० पासूनचं. लाकडी काउंटरवर खडूने हिशेब लिहितात. इथला पालक-छोले हा पदार्थ नावाजलेला आहे, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. त्यात लसूण, जिरं आणि घट्टपणासाठी तळलेला पाव वाटून घालतात. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत पूर्वी मांस वर्ज्य असायचं, त्या दिवसांतलं हे खाणं, म्हणजे जवळपास आपल्या चातुर्मासासारखंच. जिऱ्याचा वास आला की आई खूश होईल. पण टांगलेल्या मांड्या इथे आहेतच.

लास कोलुम्नास: कॅथेड्रलजवळ, सांता क्रूझ भागात. इथेही खडूचा हिशेब. मध घातलेली तळलेली वांगी चांगली मिळतात म्हणतात. मात्र गर्दी खूप, बहुतेक उभ्यानेच खायचं.

एस्लावा: सान लोरेन्सो भागात. नव्या धाटणीचं. अळंबीच्या केकवर अंड्याचा बलक ठेवतात तो पदार्थ प्रसिद्ध आहे. बाबांना चालेल, आईला काय?

माझा कल पहिल्याकडे आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा:
पालक-छोल्यांत मांसाचं पाणी घालतात का? बाबांना बसायला जागा मिळेल का? आणि आईला मांड्या दिसणार नाहीत असा कोपरा असतो का?

प्रतिसाद
ताई, आईंना नक्की न्या. एल रिंकोन्सियोत वरच्या मजल्यावर बसून जेवायची सोय आहे, पण खडूची गंमत खालीच. दुपारी एकच्या सुमारास गेलात तर गर्दी कमी असते. रात्री साडेआठच्या आत बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर सुरूच होत नाही. सराफ्याच्या माणसांना उशिराचं काय!
छोल्यांचं मात्र प्रत्येक दुकानात विचारा, घरोघरी पद्धत वेगळी. "शाकाहारी" एवढंच सांगून भागत नाही. आम्ही एका ठिकाणी "बेजेताल" लिहिलेलं सँडविच घेतलं, त्यात ट्यूना मासा आणि अंडं निघालं. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन उएवो. म्हणजे मांस, मासे, हॅम, अंडं नको. साल्मोरेखो हे टोमॅटो आणि पावाचं गार सूप, ते आईंना आवडेल, पण वरून उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरतात, तेवढं नको म्हणायचं. क्रोकेता (तळलेले मऊ गोळे) तर बहुतेक हॅमच्याच असतात, त्या नकोच.

प्रतिसाद
मी बडोद्याची. आमच्याकडे कांदा-लसूणही न खाणाऱ्या सासूबाई होत्या, त्या मानाने तुमचं सोपं आहे. वांग्यांबद्दल एक सांगते. ती बऱ्याचदा मासे तळलेल्याच तेलात तळतात. आईंना ते चालणार नसेल तर आधी विचारून घ्या. आणि कोणी ग्रानाडाला चला म्हणालं तर जपून. तिथे पेयासोबत तापा फुकट येतो, पण तो बहुधा दुकानदारच ठरवतो. सेव्हिलमध्ये पैसे देऊन आपण मागवतो, शाकाहारी माणसाला तेच बरं.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. तेलाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला विचारलं, ती म्हणाली, "मासे तळलेल्या तेलातलं नको, पण छोले खाईन. आणि बाबांना उभं नको करू, मी बशी आणून देईन." भावालाही हा धागा पाठवला आहे, तो आता चार शब्द पाठ करतोय.
तेव्हा एल रिंकोन्सियो पक्कं, पहिल्याच दिवशी दुपारी. आता एकच विचारायचं राहिलं: वांगी वेगळ्या तेलात तळणारं एखादं दुकान त्रियाना भागात कोणाला माहीत आहे का? नदीपलीकडे राहण्याची सोय झाली आहे, म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी बाबांना फार चालावं लागणार नाही.