नर्सिंगची पहिली नोकरी: का टिकलात, का सोडलीत? (अनुभव धागा)

सिस्टर_नाशिककर
आमच्याकडे (मध्यम आकाराचं खाजगी हॉस्पिटल, नाव नको) सारख्या नवीन पोरी येतात. व्हेंटिलेटरचे अलार्म कळायला लागले, राउंडला सर काय विचारणार ते आधीच तयार ठेवायला लागल्या की राजीनामा, की परत नवीन बॅच आणि परत आम्हीच शिकवा. मॅनेजमेंटचं म्हणणं, आजकालच्या मुलींना कष्ट नकोत. मला ते अजिबात पटत नाही म्हणून हा धागा. तिशीच्या आतबाहेरच्या सगळ्यांनी लिहा, टिकलात तर कशामुळे आणि सोडली तर तेव्हा नेमकं काय झालं. सेवा, त्याग वगैरे १२ मे च्या (परिचारिका दिनाच्या) भाषणांसाठी राहू द्या. हॉस्पिटलची, माणसांची नावं नकोत.

सोलापूरची_जीएनएम
मी लिहिते पहिली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्या झाल्या पुण्यात लागले, जॉइनिंगलाच ओरिजिनल मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन जमा करून घेतलं, म्हणे बॉन्ड आहे, मध्ये सोडलं तर पैसे भरा. आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर असं आम्ही पुस्तकात पाठ केलेलं, इथे नाइटला माझ्याकडे दोन व्हेंटिलेटर आणि वर एक स्टेप डाउनला (आयसीयूच्या खालच्या युनिटला) जायचा पेशंट. तेही केलं असतं हो, पण सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन झाल्यावर फाइली पूर्ण करत बसायचं कारण एनएबीएचचं (हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्यांचं) ऑडिट, आणि तेवढ्यात फोन की इव्हनिंगची आली नाहीये, तू थांबतेस का. "थांबतेस का" हे विचारणं नसतंच. सी-ऑफ (जादा ड्यूटीच्या बदली सुट्ट्या) कागदावर साठत गेले, मागितले की स्टाफ नाही. मग बाबा येऊन पैसे भरून कागद सोडवून घेऊन गेले. कष्ट नकोत म्हणणाऱ्यांनी एकदा डबल ड्यूटी करून बघावी.

अलार्म_सायलेंट
माझं उलट आहे, मी टिकले आणि ते फक्त आमच्या इन्चार्ज सिस्टरमुळे. माझ्या समोर पहिला अरेस्ट झाला (पेशंटचं हृदय बंद पडलं) तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी होते. त्यांनी मला बाजूला नाही काढलं, हातात पॅड दिलं आणि म्हणाल्या, तू फक्त वेळ लिही आणि दर तीन मिनिटांनी मोठ्यांदा अ‍ॅड्रेनलिन म्हण. बास. म्हणजे मी त्या गर्दीत कामाची होते. पेशंट नाही वाचला, पण नंतर त्यांनी मला बसवून तोच कागद वाचायला लावला, कुठल्या मिनिटाला काय दिलं आणि का दिलं. पुढच्या वेळी क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) माझ्याकडे. शिवाय महिन्याचं रोस्टर आधी लागतं, बदलायचं असेल तर आपसात बदला, त्या फक्त सही करतात. दुसऱ्या हॉस्पिटलातून जास्त पगाराची ऑफर आलेली, नाही गेले. दोन हजारांसाठी परत कुणाच्या तरी शिव्या खात शिकायचं, नको.

फक्त_पगार
वरच्या ताईंचं छान आहे पण सगळ्यांना अशा इन्चार्ज मिळत नाहीत. मूळ मुद्दा पगार आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती, तिने सांगितलं की २०० च्या वर बेड असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार द्या आणि ५० पेक्षा कमी बेड असले तरी २० हजारांच्या खाली नको. शिफारस आहे, कायदा नाही, मग कोण देतंय? तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये आजही दहा-बारा हजार हातात ठेवतात, वर म्हणतात अनुभव मिळतोय ना.

ब्रदर_वैदर्भीय
आमची कथा वेगळी. मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून वॉर्डात कॅथेटर म्हटलं की मी, जड पेशंट उचलायचा की मी, नातेवाईक चवताळले की पुढे मी. बाकी वेळी लोक वॉर्डबॉय समजतात नाहीतर डॉक्टर, गावाकडे तर आजीला अजून वाटतं मी डॉक्टरच आहे 😀 एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेला, नॉरसेटला, ८० टक्के जागा मुलींना, २० आम्हाला, त्यामुळे ड्यूटी करून अभ्यासिकेत बसायचं नि घासत राहायचं. पण तिथे मूळ वेतन ४४,९०० आणि पदाचं नाव नर्सिंग ऑफिसर. माझ्या बॅचचे अर्धे ड्यूटी सोडून अभ्यासाला बसलेत. ते नर्सिंगला कंटाळलेत असं कोणी म्हणू नये, ते खाजगीला कंटाळलेत.

पीएचसी_वाली
पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग परत नवी ऑर्डर. पगार कधी कधी दोन महिन्यांनी. २०२२ च्या मे मध्ये सरकारी सिस्टर बाहेरच्या एजन्सीकडून भरतीच्या विरोधात संपावर गेल्या तेव्हा आम्ही कंत्राटी लोक नुसते बघत होतो, संपावर गेलो तर पुढची ऑर्डरच नाही. तरी सोडवत नाही. डिलिव्हरी झालेल्या बायका वर्षभराने लसीला येतात, पोर माझ्याकडे देऊन खुशाल भाजी आणायला जातात. कायम व्हायची आशाही आहेच, खोटं कशाला बोलू.

नाइट_ऑफ_कायमचा
मी सोडलं, आता पुण्यात मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी कोड देण्याचं ऑफिसकाम) करते. सासरचे नाइटवरून बोलायचे, पण तेवढ्यावरून नव्हतं सोडलं. नातेवाईकांचं बिलावरून भांडण बिलिंगशी, डॉक्टर केबिनमध्ये, आणि समोर कोण तर सिस्टर. एकाने ट्रे अंगावर भिरकावला. लिफ्टजवळ २०१० च्या कायद्याचा बोर्ड लावलेला होता, हल्ला केल्यास तुरुंग वगैरे. तक्रार करू म्हटलं तर मॅनेजमेंट म्हणे, जाऊ दे, नाव खराब होईल. कुणाचं, ते काही बोलले नाहीत. पेशंटची आठवण येते, मॅनेजमेंटची नाही.

श्टुटगार्टहून
जर्मनीत आहे. इथे येताना कोणी सांगत नाही ते सांगते. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, सगळं आपण, मावशी नाहीत आणि नातेवाईक फक्त भेटायला येतात. उलट सलाईनची सुई आमच्या वॉर्डात डॉक्टर लावतात, तिकडे अंधारात व्हेन शोधणारी मी इथे बघत उभी. पहिले काही महिने त्याचा फार राग यायचा. पण रोस्टर म्हणजे रोस्टर आणि सुट्टीत फोन येत नाही. जर्मन भाषा मात्र बी-२ पातळीपर्यंत लागतेच, एजंट म्हणतील बी-१ वर (एक पातळी खाली) या, बाकी तिकडे बघू. ते "बाकी" ड्यूटी करून संध्याकाळी करावं लागतं. राज्य सरकारचा २०२४ मध्ये इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार झालाय, आधी तिकडे चौकशी करा.

सोलापूरची_जीएनएम
@श्टुटगार्टहून ताई, जीएनएम चालतं का की बीएस्सीच लागतं? आणि आधीच्या हॉस्पिटलचं एक्सपीरियन्स लेटर त्यांनी दिलंच नाहीये, त्याचं काय?

श्टुटगार्टहून
जीएनएम चालतं, माझ्याबरोबर दोघी आहेत. विषयवार तास लिहिलेलं ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून आत्ताच काढून ठेव, नंतर क्लार्क फिरवतो. लेटर नसेल तर अपॉइंटमेंट लेटर, सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट जमव, आणि हॉस्पिटलला लेखी अर्ज देऊन पोच घे. व्यनि करते.