लांबी कशासाठी आहे, ते आधी बघू

दादा, तुम्ही सुचवलेली प्रोग्रेसिव्ह मेटलची, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांच्या जड रॉकची, चारही लांब गाणी ऐकली. माझा क्रम तुमच्यापेक्षा वेगळा लागतो. तुम्ही ड्रीम थिएटर या बँडचं 'ऑक्टाव्हेरियम' (२००५) पहिलं ठेवलं. मी त्यांचंच 'अ चेंज ऑफ सीझन्स' (१९९५) ठेवीन. त्यांचा ड्रमर माइक पोर्टनॉय याची आई विमान अपघातात गेली, त्या दुःखातून आलेले हे शब्द आहेत. २३ मिनिटं, सात भाग, पण सांधा कुठंच जाणवत नाही. वादन कितीही भरधाव सुटलं तरी दुःखाचा धागा हातातून निसटत नाही. लांबी तिथं गरजेची आहे.

'ऑक्टाव्हेरियम' दुसरं. त्याची सुरुवात रटाळ आहे, हे तुमचं म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. आमच्या यवतमाळकडे शेतीची लाइन बरेचदा रात्रीच येते. मोटर सुरू करून धुऱ्यावर बसा आणि कानात ते संथ सूर येऊ द्या, मग बोला. घाईत ऐकून असल्या गाण्याला गुण देऊच नयेत.

एज ऑफ सॅनिटीचं 'क्रिमसन' (१९९६) तिसरं. ४० मिनिटांचं एकच गाणं म्हणजे अख्खा अल्बम. मूल जन्मणंच थांबलेल्या माणसांची गोष्ट. जुनी सुरावट परत येते तेव्हा काटा येतो, पण मधले काही तुकडे नुसते शेजारी मांडल्यासारखे वाटतात.

सिम्फनी एक्सचं 'द ओडिसी' चौथं. थाट मोठा, ओल कमी.

आणि ओपेथचं वीस मिनिटांचं 'ब्लॅक रोझ इम्मॉर्टल' कसं सुटलं? ते ऐकून कुठं बसवता, सांगा.